ब्रह्मपुरीचे घर आणि रोमन व्हिला

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक काशाची मूर्ती आहे. तिची उंची वीतभरही नाही. पण भारतात सापडलेल्या भूमध्यसागरी वस्तूंची कोणतीही यादी हिच्यावाचून पुरी होत नाही. पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून सह्याद्रीच्या एका रांगेने तोडलेल्या गावी, समुद्राचा परदेशी देव कसा आला, हा प्रश्न ती पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात उभा राहतो. आणि त्याचे एक तयार उत्तरही बहुतेकांच्या ओठांवर असते. येथे रोमन लोक राहत होते, असे ते उत्तर आहे. सहलीला आलेल्या मुलांना शिक्षक हेच सांगतात. कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी लागते आणि तेथून कर्नाटक राज्य सुरू होते. त्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे, मराठी व कानडी अशा दोन्ही शाळांतून हे वाक्य आम्ही ऐकले आहे. सीमेच्या दोन्ही अंगांना ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे, त्यांत या वाक्याची गणना करावी लागेल!

हे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी रोमन माणसाचे घर म्हणजे काय, विशेषतः त्याचे शेतावरचे घर म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कारण पोसायडनची लहान मूर्ती, काशाची सुरई, पॉलिश केलेला धातूचा आरसा अशा वस्तू त्या काळी इटलीत जेथे सहज आढळत, ते ठिकाण म्हणजे सुखवस्तू रोमन गृहस्थाचे घर होय. आणि असा गृहस्थ नगरात कितीही मिरवत असला तरी त्याची मिळकत शेतावर असे.

शेतावरच्या या घराला लॅटिन भाषेत ‘व्हिला’ म्हणत. आज आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर हा शब्द लिहिलेला दिसतो, त्यामुळे त्याचा मूळ अर्थ मनात येणे कठीण झाले आहे. मूळचा व्हिला म्हणजे मळा आणि वाडा मिळून एक संस्था होती. कोलुमेला हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कृषिलेखक. त्याने तिचे तीन भाग सांगितले आहेत : मालकाने राहावयाचे घर, राबणाऱ्यांचे व जनावरांचे घर, आणि उत्पन्न साठविण्याचे घर. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी कातो याने शंभर युगेरांच्या, म्हणजे अदमासे साठ-बासष्ट एकरांच्या द्राक्षमळ्याला १६ माणसे लागतात असा हिशेब मांडून ठेवला होता. या माणसांत बहुतेक सारे गुलाम असत. मालकाच्या दालनांतील भिंतींवर चित्रे आणि जमिनीवर रंगीत खड्यांचे नक्षीकाम असे. त्याच छपराच्या आश्रयाने पलीकडे द्राक्षे तुडविण्याची व रस गाळण्याची घाणी चाले. आमच्या भागातील वाचकाला हे समजण्यास कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणणे पुरे आहे. फरक एवढाच, की येथे चुलवण आणि काहील उसाच्या फडाशेजारी उभी राहते व हंगाम सरला की मोडते. तेथे घाणी वाड्याच्या पोटातच कायमची बांधून काढलेली असे.

व्हिसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी बोस्कोरेआले म्हणून एक गाव आहे. इसवी सन ७९ च्या उद्रेकात पाँपेई नगराबरोबर त्याच्या आसपासचे मळेही राखेखाली गाडले गेले, त्यांपैकी अनेक मळे या गावच्या हद्दीत निघाले. तेथील ‘व्हिला रेजिना’ या लहानशा मळ्याचे उत्खनन १९७७ नंतर झाले. तिच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले १८ मोठे रांजण सापडले. त्यांत द्राक्षरस मुरत ठेवीत. आपल्याकडे धान्याची पेवे असत, तशीच ही रसाची पेवे म्हणावयाची. वेलींची मुळे कुजून राखेत जी पोकळी राहिली होती, तीत मिश्रण ओतून संशोधकांनी मुळांचे साचे काढले आणि कोणती वेल कोठे होती हे निश्चित केले. हा मळा धनाढ्याचा नव्हता. याच गावच्या ‘ला पिझानेल्ला’ येथील व्हिलेचा थाट वेगळा होता. १८९५ साली तिच्या द्राक्षघाणीच्या हौदात शंभराहून अधिक चांदीची भांडी आणि सुमारे एक हजार सोन्याची नाणी सापडली. उद्रेकाच्या गडबडीत कोणीतरी ती तेथे दडविली असावीत. ती चांदी आज बहुतेक पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे.

चांदीची ही भांडी जशी घरात होती तशी अकस्मात जमिनीत गेली, म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. भांडे कोणत्या घरातले, ते घर कोणत्या मळ्यातले, मळ्यात काय पिकत होते आणि ते सारे कोणत्या वर्षी थांबले, हे सर्व एकत्र सांगता येते. उत्खननशास्त्रात वस्तूपेक्षा वस्तूची जागा अधिक बोलते. ब्रह्मपुरीकडे वळताना हेच माप बरोबर न्यावयाचे आहे.

ब्रह्मपुरी ही कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगास पंचगंगेच्या काठावरील टेकडी. तिच्या आसपास प्राचीन वस्तू निघतात हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. तेथे सापडलेल्या नाण्यांवरून वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर ही तीन राजनामे उजेडात आली. या नाण्यांवर धनुष्यबाण आहे. आणि एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला ठसा मारलेला असल्यामुळे त्यांचा क्रमही लावता आला. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने हिप्पोकुरा ही बालेओकुरोस राजाची राजधानी असल्याचे लिहिले आहे. तो बालेओकुरोस म्हणजेच विळिवायकुर, असे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दाखविले. दूर अलेक्झांड्रियात बसून ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या कानी आपल्या मुलखातील राजाचे नाव पडले होते, ही गोष्ट लहान नाही. कोल्हापुरातच १८७७ साली एका जुन्या स्तूपात स्फटिकाचा करंडक मिळाला. बम्ह नावाच्या गृहस्थाचे हे दान असून ते धमगुताने करविले, एवढाच मजकूर त्यासंबंधीच्या ब्राह्मी लेखात आहे. भाषा प्राकृत आहे.

या पार्श्वभूमीवर १९४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीतून धातूच्या शंभरावर वस्तूंचा एक संचय हाती आला. तो उजेडात आणण्याचे श्रेय राजाराम कॉलेजातील प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांचे, म्हणूनच पुढील संशोधकांनी त्याला कुंदणगार संचय असे नाव दिले. कुंदणगार हे कानडीचे नामांकित विद्वान. त्यांनी १९३९ साली उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थान येथील शिलालेखांचा एकच संग्रह प्रसिद्ध केला होता. पुढे १९६१ साली गदग येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी मुलखातील सर्वांत प्रसिद्ध पुराणवस्तू जगापुढे आणणारा गृहस्थ कानडी भाषेचा सेवक होता, हे कोगनोळीच्या दोन्ही बाजूंना आठवणीत ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या ग्रंथाच्या नावात जे दोन प्रदेश शेजारी बसले, त्यांच्यामध्ये १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा आली. शिलालेखांना ती अर्थातच ठाऊक नाही.

यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेने १९४५-४६ च्या हंगामात ब्रह्मपुरीचे रीतसर उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी ते चालविले व त्याचा वृत्तान्त १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आला. सांकलियांनी इंग्लंडात व्हीलरसाहेबांच्या हाताखाली मेडन कॅसल येथे थरांचे वाचन शिकले होते. दीक्षितांचा मणी आणि काच या विषयांतील अधिकार पुढे सर्वमान्य झाला. तळाशी सातवाहनकालीन वस्ती, तिच्यावर पुष्कळ काळाचा खंड, मग शिलाहारांच्या व बहमनी राजवटीच्या काळातील वस्ती असा क्रम त्यांना आढळला. बहमनी थरातील रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांनी दीक्षितांना पुढील अभ्यासाची सामग्री पुरविली. सातवाहन थरात भाजलेल्या विटांची घरे होती, म्हणजे वस्ती चांगल्या खाऊनपिऊन सुखी लोकांची होती. धातूच्या वस्तूंचा संचय अशाच एका विटांच्या घराच्या अवशेषांशी निगडित आहे.

येथे बोस्कोरेआलेशी असलेला फरक प्रथम नोंदला पाहिजे. ला पिझानेल्लाची चांदी तिच्या हौदासकट सापडली. ब्रह्मपुरीचा संचय मात्र योजनाबद्ध उत्खननाच्या आधी बाहेर आला, आणि त्याचे स्थान मागाहून थरांशी जुळवून ठरवावे लागले. त्यामुळे त्या घराचा सोपा कोणता, माजघर कोणते, आणि या वस्तू ठेवल्या होत्या की दडविल्या होत्या, हे विचारता येते. पण बोस्कोरेआलेइतक्या खात्रीने सांगता येत नाही. १९६० साली कार्ल खंडालावाला यांनी ‘ललितकला’ या नियतकालिकात संचयातील धातुवस्तूंचा पुन्हा विचार केला, त्याचे कारणही हेच.

आता त्या वस्तूंकडे पाहू. पोसायडनच्या मूर्तीखेरीज रोमन घडणीची काशाची सुरई आहे, आरसा आहे, आणि पर्सियस वीर अँड्रोमेडेची सुटका करीत आहे अशा प्रसंगाचे एक उठावाचे पदक आहे. रिचर्ड दे पुमा यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात या वस्तू इटलीत मिळालेल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्या. त्या अस्सल आहेत, बाहेरून आलेल्या आहेत, याविषयी वाद उरलेला नाही. पण संचयातील शंभरावर वस्तूंपैकी अशा परदेशी वस्तू दहाच्या आसपास! उरलेल्या साऱ्या येथल्या. त्यांत हत्तीवर बसलेल्या माणसांचे एक काशाचे लहान शिल्प आहे. पोसायडन पाहून लोक पुढे जातात, हत्तीपुढे थांबत नाहीत. आमच्या मते या घराचा मालक कोण, याचा पुरावा हत्तीत अधिक आहे. हत्तीची जाडजूड पावले, पाठीवर दाटीने बसलेली माणसे, त्यांची वेषभूषा हे सारे याच मातीतल्या कारागिराच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. ज्या घरात दर दहा वस्तूंत नऊ वस्तू देशी, ते घर रोमन म्हणावयाचे कसे?

याचा उलट दाखला पाँपेईत मिळतो, आणि तो फारच समर्पक आहे. १९३८ साली अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात तेथील एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी असलेली ही मूर्ती निःसंशय भारतीय आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता ती यक्षी असावी आणि एखाद्या आसनाचा वा तत्सम वस्तूचा भाग असावी असे मानतात. तिच्या तळाशी खरोष्ठीचे एक अक्षर कोरलेले आहे. तिची जवळची नातलगे महाराष्ट्रातच आहेत : एक तेरला आणि दुसरी भोकरदनला मिळाली. भोकरदनच्या उत्खननाचा देव आणि गुप्ते यांनी लिहिलेला वृत्तान्त १९७४ साली आला. इटलीतील त्या घराला आज ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणतात. परंतु तेथे कोणी भारतीय कुटुंब राहत होते, असे एकाही इटालियन संशोधकाने म्हटले नाही. त्या घरच्या यजमानाने हौसेने विकत घेतलेली वा व्यापारात मिळालेली वस्तू, एवढाच तिचा अर्थ त्यांनी केला. पाँपेईला जे माप लावले ते कोल्हापूरला का लावू नये? रोमन माणसाला परदेशी वस्तूची हौस असू शकते, आणि सातवाहनकालीन कोल्हापूरकराकडे परदेशी वस्तू दिसली तर तिच्यामागे परदेशी माणूस हवाच, ही समजूत परकीय राजवटीच्या दिवसांत रुजली. ती राजवट १९४७ साली गेली, समजूत अजून आहे.

यवन आपल्याकडे राहत नव्हतेच, असे मात्र कोणी आमच्या तोंडी घालू नये. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. जुन्नरला इरिल, चिट आणि चंद हे यवन बौद्ध संघाला दान देतात. कार्ल्याचे यवन आपण धेनुकाकटचे असल्याचे सांगतात. पण हे लोक प्राकृतात लिहितात, त्यांपैकी अनेकांची नावे येथली आहेत, आणि धर्मही येथला आहे. असा एखादा यवन ब्रह्मपुरीत आला असेल व त्याने सुरई विकली असेल. तरीही सुरई ज्या घरात राहिली ते घर त्याचे ठरत नाही. कोल्हापूर, तेर, नेवासे, कोंडापूर येथे रोमन नाण्यांची नक्कल करून घडविलेली मातीची पदके मिळतात. भोके पाडून ती गळ्यात घालीत. सम्राटाचा मुखवटा इकडे येऊन पुतळीच्या माळेत ओवला जावा, तसाच हा प्रकार. वस्तू परकी, पण तिचा वापर आपला.

वस्तू ओळखण्यात अतिउत्साहाने कशा चुका होतात, याचा इतिहास आमच्या शिक्षकबंधूंपुढे ठेवला पाहिजे, कारण अनेक पाठ्यपुस्तकांत जुनीच विधाने शिल्लक आहेत. व्हीलरसाहेबांनी १९४५ साली अरिकमेडू खणले, तेव्हा तेथील चक्रांकित नक्षीची खापरे भूमध्यसागराकडून आली असे त्यांना वाटले. पुढे विमला बेगले यांनी ती देशी असल्याचे प्रतिपादन केले, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी १९९७ साली मातीतील खनिजांची क्ष-किरण परीक्षा करून तिचे मूळ बंगालच्या चंद्रकेतुगड-तामलुक भागात दाखविले. गुजरात-महाराष्ट्रातील तांबडी चकचकीत भांडी हीही एकेकाळी रोमन वळणाची मानली जात; ती येथलीच, हे आता मान्य झाले आहे. द्राक्षमद्याच्या कुंभांची कथा याहून बोधप्रद. रोमन मद्य ज्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या कुंभांतून येई, त्यांना अँफोरा म्हणत. पश्चिम भारतात असे म्हणून नोंदलेले कितीतरी तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडील बिनकानी कुंभांचे आहेत, हे रोबर्टा टॉम्बर यांनी २००७ साली दाखवून दिले. आतून डांबराचा लेप, आणि घडण वेगळी. म्हणजे ज्याला आम्ही रोम समजत होतो, त्यात इराणी आखाताचा वाटा पुष्कळ मोठा होता.

एवढी गाळणी लावूनही जे अँफोरा खरे उरतात, ते आपल्याला थेट व्हिलेच्या अंगणात नेतात. त्यांतील एका जातीच्या कुंभाच्या मातीत काळी, चमकदार वाळू असते. ती व्हिसुव्हियसच्या परिसरातील ज्वालामुखीची वाळू. बोस्कोरेआलेच्या रांजणांत मुरलेला रस ज्या प्रकारच्या कुंभांत भरला जाई, त्याच प्रकारचे कुंभ हिंदी महासागर ओलांडून येत होते. ‘एरिथ्रियन समुद्राचे वर्णन’ या पहिल्या शतकातील ग्रीक पुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख आहे. इटलीच्या मद्याला अधिक मागणी, त्याखेरीज लाओदिकेया व अरबस्तानचेही येते, असे लेखक सांगतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर. कल्याण बंदर त्या सुमारास अडविले गेले होते आणि तेथे चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेत, हेही त्याने नोंदले आहे. राजकारणाने वाट बंद व्हावी आणि मालाला वळसा पडावा, हा अनुभव सीमेवरच्या गावाला नवा वाटणार नाही.

तेव्हा कोल्हापूर आणि रोमन व्हिला यांचा संबंध असा आहे : एका टोकाला गुलामांच्या श्रमावर चाललेला मळा, दुसऱ्या टोकाला पंचगंगेकाठचे विटांचे घर, आणि मध्ये अनेक हातांची साखळी. तांबटाने मोडीसाठी जमविलेल्या या वस्तू असाव्यात, अशीही शंका घेता येते. परंतु आरसा, सुरई, मूर्ती, हत्ती अशी निवड मोडीच्या ढिगात पडावी, याहून एखाद्या श्रीमंत घरच्या चीजवस्तू संकटकाळी एकत्र केल्या असाव्यात हे आम्हांस अधिक संभवनीय दिसते. दरवडा, आग, पूर अशा वेळी हंडे-घागरी-समया एका कोपऱ्यात रचण्याची रीत आपल्या आजीपणजीपर्यंत चालत आली होती.

पण येथे दुसरा प्रश्न उभा राहतो आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. इटलीत मळ्यांचे उत्खनन झाले. आपल्याकडे सातवाहनांच्या काळातील शेतीवाडीचे काय? पैठण, तेर, नेवासे, नाशिक, कराड, कोल्हापूर ही जी स्थळे खणली गेली ती बहुतेक नगरे आहेत. निपाणीच्या पलीकडे, बेळगावलगत वडगाव-माधवपूर येथे कर्नाटक विद्यापीठाने खणलेली वस्तीही नगरवस्तीच आहे. तेथेही विटांची बांधकामे आहेत, आणि वैदिक यज्ञ करणाऱ्या एका ब्राह्मणाचा प्राकृत स्तंभलेख आहे. कोल्हापूरचा करंडक आणि माधवपूरचा स्तंभ यांच्या मध्यावर कोगनोळी-निपाणीचा प्रदेश येतो. तेव्हा या दोन्ही टोकांना कोरीव लेखाची भाषा एकच होती, आणि ती आजची मराठीही नव्हे, कानडीही नव्हे. सातवाहन आमचेच, असे दोन्ही बाजूंनी म्हणणाऱ्यांनी यावर निवांत विचार करावा.

सातवाहनकालीन शेताचे दर्शन घडते ते लेखांत. नाशिकच्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीचा अठराव्या राज्यवर्षाचा लेख घ्यावा. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत राजाने भिक्षूंना दिले. त्या शेतात शिपायाने शिरू नये, अधिकाऱ्याने हात लावू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती त्यात आहेत. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा लेख येतो. काखडी गावातील आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. हे दोन लेख एकापुढे एक वाचले की लढाईनंतरच्या देशाची अवस्था डोळ्यांपुढे येते. राज्य जिंकले, शेताचा मालक बदलला, दानपत्र झाले. पण कसणारा कोठे होता? रोमन मळेवाल्याने अशा वेळी बाजारातून गुलाम आणले असते. येथे गाव उठले की शेत पडले, कारण शेतामागे वाडा नव्हता, गाव होते. आपल्याकडे व्हिलेचे अवशेष का सापडत नाहीत याचे उत्तर आम्हांस या लेखात दिसते. आपली शेतीची संस्था एका धन्याच्या छपराखाली मावणारी नव्हती. ती काळी आणि पांढरी यांच्यात पसरलेली होती.

काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हा भेद शेतकरी करीत आला आहे. पांढरीची माती पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल, हाडे आणि कुजलेले गवत यांनी ती भुरकट होते. पुरातत्त्वज्ञ टेकाडावर प्रथम हीच माती शोधतो. त्याचे शास्त्र नंतरचे, शब्द शेतकऱ्याचा आधीचा. उठून गेलेल्या गावाच्या जागेला लोक अजूनही पांढर म्हणतात. पण या मातीला आणखी एक गुण आहे : ती उत्तम खत होते. म्हणून उन्हाळ्यात ती गाड्या भरभरून मळ्यांत पडते, घराच्या धाब्यावर आणि भिंतीला लागते, विटांसाठीही जाते. पूर्वी बैलगाडीने जेवढी पांढर वर्षभरात हलत असे, तेवढी आता यंत्र एका दिवसात उचलते. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात पुणे-बंगळूर हमरस्ता रुंद झाला आहे, आणि भराव्याला माती लागतेच. खापराचा तुकडा, अर्धी वीट, शंखाच्या बांगडीचा वाटोळा काप या गोष्टी त्या मातीबरोबर जातात. त्यांत पोसायडन असण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. सातवाहनकालीन खेड्यातील घर कसे होते, त्यात चूल कोठे होती, कणगी कोठे होती, नगरातील विटांच्या घराला धान्य कोण पुरवीत होते, हे सांगणारा पुरावा मात्र तोच आहे. व्हिला रेजिनाच्या वेलींची मुळे ज्या चिकाटीने राखेतून ओतून काढली, तसे काम आपल्या एखाद्या पांढरीत झाले, तर ब्रह्मपुरीचे घर एकटे राहणार नाही.

ला पिझानेल्लाची चांदी आपल्या मळ्यापासून दूर पॅरिसला गेली. ब्रह्मपुरीचा संचय त्या मानाने भाग्यवान. पोसायडन जेथे सापडला तेथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तो आज आहे. चार्ल्स मँट या अभियंत्याने उभारलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत, टोकदार छपराखाली, संग्रहालयात जाणाऱ्याने पोसायडन पाहून झाल्यावर तो हत्ती कोठे ठेवला आहे, हे तेथील सेवकाला अवश्य विचारावे.